सांडोरचे अंकल आणि समोरचा डोंगर

भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, हे तोवर मला पाठ झालं होतं. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मासेमटण चालतं का, यायला किती उशीर होतो. वसईजवळच्या सांडोर गावातल्या त्या घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुडघे कसे आहेत?"

मला वाटलं, वरच्या खोल्यांचा जिना चढा असेल. म्हटलं, "चांगले आहेत."

"चढताना दुखतात की उतरताना?"

"दुखतच नाहीत."

"मग खोली तुझी. रविवारी सकाळी काय करतेस?"

"झोपते."

"ते बंद करावं लागेल," असं म्हणून त्यांनी खिशातली चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

मी मूळची साताऱ्याची. चहूकडे डोंगर असलेल्या गावात वाढले आणि त्यातल्या एकावरही कधी गेले नाही. शाळेची सहल अजिंक्यताऱ्यावर गेली, त्या दिवशी मला गोवर निघाला होता. आणि नोकरीसाठी केळीच्या बागांच्या या सपाट गावात राहायला आले, तर इथे मला डोंगर चढायला लावणारा माणूस भेटला. पहिल्याच रविवारी अंकलनी, सगळं गाव त्यांना अंकलच म्हणायचं, मला तुंगारेश्वरच्या डोंगरावर नेलं. मी ओढ्याच्या कडेला बसून धापा टाकत होते आणि अंकल शेजारी उभे राहून अतिशय समाधानाने म्हणत होते, "गुडघे चांगले आहेत गं तुझे. बाकीच्याचं बघू हळूहळू."

अंकल बुटके, खांद्यांनी रुंद, पायांनी काटकुळे. मिशा पांढऱ्या. अंगात बाह्या दुमडलेला जुना शर्ट आणि पायांत, बारा महिने, गिर्यारोहणाचे दणकट तपकिरी बूट. केळींना पाणी सोडतानाही तेच आणि बाजारात गेले तरी तेच. नवे बूट परदेशात मुलीकडे गेल्यावर एकदम घातले तर पाय सोलवटतात, म्हणून ते इथे वसईत बसवायचे आणि तिथे वापरायचे, असा त्यांचा हिशेब होता. रविवारच्या मिस्सालाही ते हेच बूट घालून जात. चर्चच्या फरशीवर त्यांची पावलं अशी वाजत की पुढच्या बाकांवरचे लोक मागे न बघता सरकून जागा करत. एकदा फादर त्यांना दारात म्हणाले, "अंकल, आपला प्रभूसुद्धा डोंगरावर गेला होता. पण चपला घालून."

अंकल म्हणाले, "फादर, प्रभू तेव्हा तिशीत होता. मी सत्तरीत आहे."

डोंगरांचं वेड त्यांना लागलं ते निवृत्तीनंतर. त्याआधी सगळं आयुष्य त्यांनी मुंबईच्या गोदीत क्रेन चालवली. रोज सकाळी शिडीने वर चढायचं, काचेच्या खोलीत बसायचं आणि जहाजातला माल उचलून धक्क्यावर ठेवायचा. "माणूस वर बसला की त्याला खालचं सगळं दिसतं असं लोकांना वाटतं," ते म्हणायचे. "काही दिसत नाही. खाली एक जण उभा राहून हाताने खुणा करतो. त्याच्या हातावर भरवसा ठेवायचा. स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला तर एखाद्याच्या डोक्यावर पेटी पडायची."

त्या खुणा त्यांच्या हातांतून कधी गेल्याच नाहीत. मी भात वाढत असले आणि पुरे झाला, की ते मूठ वळून हवेत धरत. म्हणजे थांब. आणखी हवा असला की तर्जनी वर करून गोल फिरवत. मोटर चालू करायला सांगतानाही बोट फिरायचं. गोदीतल्या खलाशांचे दोन शब्दही त्यांच्या बोलण्यात कायम होते. वर उचलायचं म्हणजे 'हबेस' आणि अलगद खाली सोडायचं म्हणजे 'आरिया'. नारळ उतरवणारा माणूस झाडावर असला की अंकल खालून "आरिया, आरिया" करत, आणि तो बिचारा दरवेळी विचारी, "कोण आलंय?"

त्यांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रियात नर्स. इन्सब्रुकपासून बसने अर्ध्या तासावर, एका खोऱ्यातल्या गावात राहते. मी तिला ताई म्हणते. अंकलची बायको गेली, त्याच्या पुढच्या वर्षी ताईला मुलगा झाला आणि बाप्तिस्म्यासाठी अंकल पहिल्यांदा तिकडे गेले. बाप्तिस्मा झाला, पाहुणे गेले, मुलगी कामावर जाऊ लागली, जावई कामावर जाऊ लागला. बाळ झोपलेलं असायचं. अंकल खिडकीत बसायचे. खिडकीच्या बरोबर समोर एक डोंगर होता आणि त्याच्या टोकावर काडेपेटीतली काडी उभी करावी तसा एक क्रूस दिसायचा.

"आपल्याकडे क्रूस नाक्यावर असतो," अंकल मला सांगत होते. "येणाराजाणारा भेटतो, कोणी मेणबत्ती लावतं, कोणी हार घालतं. हा एवढा वर एकटा कशाला ठेवलाय? मी हिला विचारलं, तर म्हणाली, बाबा, मला काय माहीत, मी कधी गेले नाही. मला जरा वाईटच वाटलं. त्या क्रुसासाठी."

मग एके दिवशी जावई घरात असताना अंकल 'जरा फिरून येतो' म्हणून निघाले. पायात बाप्तिस्म्याला घेतलेले काळे चामडी बूट. खिशात सुकेळी, म्हणजे आमच्या वसईची राजेळी केळी उन्हात वाळवून, पानात बांधून करतात ती. अर्ध्या वाटेवर त्यांचे बूट घसरायला लागले आणि ते एका दगडावर बसून राहिले. तेवढ्यात खालून त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ काठ्या टेकत आले. हे गावातले निवृत्त पोस्टमन. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, अंकलना जर्मन येत नव्हतं. पोस्टमननी एक काठी अंकलना दिली, अंकलनी एक सुकेळं पोस्टमनना दिलं. पोस्टमनना ते वाळवलेलं सॉसेज वाटलं. त्यांनी पिशवीतून मोहरीची चटणी काढली, त्यात बुडवून खाल्लं आणि दुसरं मागितलं.

त्या दिवशी दोघं क्रुसापर्यंत जाऊन आले. पुढे दर वर्षी मे महिन्यात अंकल निघायचे आणि व्हिसाचे तीन महिने पोस्टमनबरोबर डोंगरात घालवायचे. दोघं दिवसभर बोलत असत. एक जर्मनमध्ये, दुसरा मराठीत. मी विचारलं, "मग कळतं कसं?"

"चढावर कोण काय बोलणार? हेच की दम लागला. ते कळतं."

तिथल्या रीतीभाती त्यांनी आपल्या पद्धतीने समजून घेतल्या होत्या. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'ग्रूस गॉट' म्हणतो. म्हणजे देव तुमचं भलं करो, अशा अर्थाचा नमस्कार. अंकलना पहिलं वर्षभर वाटत होतं की सगळे क्रुसाबद्दल विचारतायत. म्हणून ते प्रत्येकाला हाताने वर दाखवून सांगायचे, "आहे, आहे, अजून पुढे आहे." लोक आभार मानून जायचे.

पण त्यांना सगळ्यात आवडलेला नियम दुसराच होता. तिकडे जर्मनमध्येही आपल्यासारखं अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं. मात्र डोंगरात एका उंचीच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. डॉक्टर असो, मंत्री असो, वर सगळे 'तू'. अंकलनी हा नियम तुंगारेश्वरला लागू केला. देवळापर्यंत मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचं आणि देवळाच्या वरची चढण लागली की 'तू'. माझी जीभ वळेना. "अंकल, पाणी देता... दे... द्या ना," असं काहीतरी तोंडातून निघायचं. ते बाटली पाठीमागे लपवून म्हणायचे, "नीट बोल, तर देतो." शेवटी तहानेने व्याकुळ होऊन मी ओरडले, "अरे अंकल, दे ना पाणी!" मागून येणारं एक कुटुंब थबकून आमच्याकडे बघत राहिलं. अंकल खूश. "आता कशी गिर्यारोहक वाटतेस."

सराव ही त्यांची मोठी अडचण. तुंगारेश्वर आठवड्यातून एकदा. एरवी सांडोरमध्ये चढ म्हणावा असा माझा जिनाच. म्हणून त्यांनी एव्हरशाईन सिटीतली एक सात मजली इमारत हेरली. गोदीतला एक जुना सोबती तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायचा, आणि लिफ्ट बहुतेक बंदच असायची. पाठीवरच्या पिशवीत नारळ भरून अंकल रोज संध्याकाळी तो जिना चढायचे आणि उतरायचे, पुन्हा चढायचे. वॉचमनने पहिल्या दिवशी त्यांना पार्सलवाला समजून रजिस्टरवर सही मागितली. हळूहळू ते खरोखरच पार्सलवाले झाले. सातव्या मजल्यावरच्या आजींची औषधं, सहाव्या मजल्यावरचं दूध, कुणाचं इस्त्रीचं गाठोडं, सगळं अंकल नारळांबरोबर वर न्यायचे. "वजन तर न्यायचंच आहे, मग लोकांचं का नको?"

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे खटकलं. 'बाहेरील व्यक्तींनी जिन्याचा वापर व्यायामासाठी करू नये', अशी सूचना फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या सगळ्या बायका खाली उतरल्या आणि सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या. "आधी लिफ्ट चालू करा, मग काकांना अडवा." आठवड्याभरात लिफ्ट चालू झाली. अंकलना कोणी अडवलं नाही, पण ते जरा उदास झाले. "लिफ्ट सुरू झाली नि जिन्यात कुत्रं भेटेना," ते म्हणाले. मग आजीच अधूनमधून लिफ्ट सोडून एक मजला त्यांच्याबरोबर चढू लागल्या.

ते परदेशात असले की घरामागच्या केळीच्या वाडीची राखण माझ्याकडे असायची. संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर आधी निळं आकाश, मग बर्फाचे पट्टे, मग तिरपा झालेला एक भलामोठा डोंगर आणि शेवटी कोपऱ्यात अंकलचा कान. मी म्हणायचे, "अहाहा! काय सुंदर आहे!" आणि कानाजवळून आवाज यायचा, "मोटर बंद केलीस का?"

मी सांगायचे, केली. मग पपईची चौकशी. मग विहिरीतल्या कासवाची. सगळ्यांची खुशाली कळली की ते डोंगराकडे वळायचे. "हं. आता बघ. तो दिसतोय तो हिमनदीचा शेवट. नीट बघून घे, बॅटरी संपत आलीय."

घरातलं त्यांचं तिथलं जगणं मात्र अगदी सांडोरचंच होतं. निघण्यापूर्वी ते अर्नाळ्याला जाऊन सुके बोंबील घेऊन यायचे आणि सामानात सात पिशव्यांच्या आत गुंडाळून न्यायचे. एकदा ताई कामावर असताना त्यांनी ते बाल्कनीत शेगडीवर भाजले. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं की तुमच्याकडे गटाराचा पाइप फुटलाय का. अंकलना प्रश्न कळला नाही. त्यांनी बाईंना बसवलं आणि ताटलीत एक बोंबील, पाव आणि कांदा समोर ठेवला. ताई घरी आली तेव्हा बाई तिसरा बोंबील खात होत्या आणि अंकल मूठ वळून त्यांना थांबवत होते, कारण रात्रीच्या जेवणाला उरायला हवे होते.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका वर्षी अंकल पडले. अवघड जागी नव्हे, गावाच्या जवळच, ओल्या गवताच्या उतारावर. मनगट मोडलं. बरोबर पोस्टमन होते, त्यांनी खाली आणलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण ताईने त्यांचे बूट काढून तळघराच्या कपाटात ठेवले आणि किल्ली स्वतःकडे घेतली.

त्या वर्षी अंकल सांडोरला परतले ते चपला घालून. ओट्यावर बसून राहायचे. रविवारी सकाळी मी सवयीने तयार होऊन खाली आले, तर ते म्हणाले, "आज झोप तू." एव्हरशाईनच्या आजींचा फोन आला, तर म्हणाले, हात दुखतोय. हात कधीच बरा झाला होता. मला तो माणूस ओळखू येईना.

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसने मला दोन महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. अंकल तेव्हा ताईकडेच होते. बातमी कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, वाडीला पाणी कोण सोडणार. ती सोय केल्याचं मी सांगितलं. मग म्हणाले, "म्युनिक म्हणजे आमच्या शेजारीच. शनिवारी ये."

मी गेले. दुपारी अंकल नातवाला घेऊन बागेत गेले असताना ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुझं ऐकतात ते. जरा समजाव. रोज खिडकीत बसून त्या डोंगराकडे बघत असतात, मला शिक्षा केल्यासारखे."

मी म्हटलं, "ताई, मनगटच मोडलं होतं. तेवढं तर कुणी बाथरूममध्येही..."

"मला माहीत आहे." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. वॉर्डात फोन आला. मी दुसऱ्यांच्या आईबापांना औषधं देत होते आणि माझी आई तिकडे गेली. तेव्हापासून कामावर असताना फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. आणि हे रोज डोंगरावर! मला तो दुसरा फोन नकोय गं."

अंकल डोंगर चढतात म्हणजे काय करतात, हे मला माहीत होतं. ते वर असताना खाली तिचा दिवस कसा जातो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

रात्री जेवताना अंकल म्हणाले, "पाहुणी आलीय. तिला क्रूस तरी दाखवावा. सपाट वाट आहे."

मग बापलेकींचं त्यांच्या घरच्या बोलीत जोरात सुरू झालं. सांडोरला इतकी वर्षं काढूनही ती बोली भरभर बोलली की मला धड कळत नाही, पण भांडण कुठल्याही बोलीत कळतं. शेवटी ताई उठली, तळघरात गेली, बूट आणून धाडकन दारात ठेवले आणि सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाली, "उद्या मला सुट्टी आहे. मीपण येणार. बघतेच किती सपाट आहे ती."

सकाळी आम्ही तिघं निघालो. अंकलच्या चालीत काय बदल झाला होता! चपला घातलेला तो म्हातारा रात्रीत कुठे गेला कोण जाणे. पाइनच्या रानातून वाट वर जात होती, ओलसर, गळलेल्या सुईसारख्या पानांनी मऊ झालेली. गायींच्या घंटा ऐकू येत होत्या. ताईने पळायचे साधे बूट घातले होते. ती सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी चालत होती. रान संपून गवत लागलं तसं अंकल मागे वळून म्हणाले, "इथून पुढे अरे-तुरे."

"मला काही फरक पडत नाही," ताई म्हणाली. "मी तुझ्यावर आधीपासूनच रागावलेय." आणि स्वतःच फिसकन हसली.

क्रूस आता पुरुषभर दिसू लागला होता. तेवढ्यात ती जागा आली. डोंगराच्या पोटातून एक घळ खाली गेली होती आणि वाट तिला आडवी ओलांडत होती. फार लांब नव्हे, आमच्या ओट्याएवढीच असेल. पाऊल ठेवायला दगडात खाचा होत्या, धरायला लोखंडी तार ठोकलेली होती. पण खाली मात्र सरळ दगडगोट्यांचा उतार. एका वेळी एकानेच जायचं, असं अंकलनी सांगितलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते तार धरून पलीकडे पोचलेसुद्धा.

ताई चिडून त्यांच्या मागे निघाली. "ही सपाट वाट? ही?" असं म्हणत ती निम्म्यापर्यंत गेली. तिच्या बुटाखालून एक दगड निसटला. तो खाली गडगडत गेला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. दगड थांबला, पण ती हलेना.

मी अलीकडून हाक मारली. तिची मान वळली नाही. तिची बोटं तारेवर पांढरी पडली होती. मला परत जाऊन कुणाला तरी बोलवावंसं वाटत होतं, आणि तिला सोडून हलायचंही धाडस होत नव्हतं.

अंकल पलीकडून म्हणाले, "बाय, माझ्याकडे बघ."

"नाही होणार, बाबा."

"खाली नको बघू. माझ्या हाताकडे बघ. फक्त हाताकडे."

त्यांनी उजवा हात वर केला आणि मूठ वळली. इतक्या वर्षांत मी त्यांना ही खूण शेकडो वेळा करताना पाहिलं होतं, भातासाठी, चहासाठी. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर गंमत अजिबात नव्हती. क्रेनच्या खाली उभा राहणारा माणूस असाच दिसत असणार. ताईने मान हळूच वर केली. मूठ दिसली. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. तो जरा खाली बसेपर्यंत अंकल तसेच थांबले, हात तसूभर न हलवता. मग त्यांनी मूठ उघडली आणि तळवा हळूहळू स्वतःकडे आणला.

"आरिया," ते म्हणाले. "डावा पाय. आरिया... आरिया..."

ताईचा डावा पाय सरकला.

पुन्हा मूठ. पुन्हा थांबणं. पुन्हा तो हात उघडला. तिने तारेकडे, दगडाकडे, माझ्याकडे, कुठेच बघितलं नाही. शेवटच्या खाचेशी जरा उंच पाऊल टाकायचं होतं. अंकलनी बोट वर करून गोल फिरवलं आणि मोठ्याने म्हणाले, "हबेस!" ताई एका झेपेत पलीकडे गेली ती त्यांच्या अंगावरच. दोघं गवतात बसली. ती रडत होती, की हसत होती, की त्यांना टोपीने मारत होती, ते मला अलीकडून नीट दिसेना. बहुधा तिन्ही करत असावी.

मग मला पलीकडे न्यायला अंकल उठले, तर ताईने त्यांना खाली बसवलं. स्वतः उभी राहिली, डोळे पुसले आणि मूठ वळून हात वर केला. "लहानपणी आमच्या विहिरीतला गाळ काढायचे," ती मला ओरडून सांगू लागली, "तेव्हा टोपलीला खुणा मीच करायचे! घाबरू नकोस!" माझी भीती तिच्या ओरडण्यानेच निम्मी गेली. उरलेली मी तारेला धरून पार केली.

क्रुसापाशी वारा होता. कुणी तरी त्याच्या पायाशी रानफुलांची जुडी बांधली होती. अंकलनी टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग खिशातून सुकेळी काढून आम्हाला एकेक दिली. खाली सगळं खोरं पसरलं होतं. ताईला आपलं घर सापडेना. अंकलनी तिच्या मागे उभं राहून, तिचा हात धरून बोट वळवून दाखवलं. "ते चर्च. त्याच्या डावीकडे तुझं हॉस्पिटल. त्याच्या पुढे लाल छप्पर, ते तुमचं घर. ती खिडकी."

"एवढंसं?" ताई म्हणाली. हॉस्पिटलकडे ती बराच वेळ बघत राहिली. "हे एवढंसं आहे?"

"मी वर आलो की रोज इथून हात करायचो," अंकल म्हणाले. "तू ड्युटीवर असायचीस, म्हणून हॉस्पिटलकडे करायचो."

ताईने सुकेळ्याचं पान खिशात घातलं आणि दोन्ही हात वर करून त्या एवढ्याशा हॉस्पिटलकडे जोरजोरात हलवले. तिच्या ओळखीची कुणी नर्स त्या वेळी खिडकीत उभी असती, तरी तिला काही दिसलं नसतं. पण ताई हात हलवतच राहिली.

उतरताना अंकल आम्हाला डोंगराच्या दुसऱ्या अंगाने घेऊन आले. बैलगाडी जाईल असा रुंद, सरळ रस्ता होता. ताई रस्त्याच्या मधोमध थांबली. "बाबा, हा रस्ता होता? मग आपण इकडून का नाही चढलो?"

"कंटाळवाणा आहे," अंकल म्हणाले.

त्या संध्याकाळी पोस्टमनही जेवायला आले. ताईने त्यांच्यासमोर, दोन्ही भाषांत, आपल्या अटी सांगितल्या. एकट्याने जायचं नाही. ओल्या गवतात जायचं नाही. वर पोचल्यावर फोन करायचा, पण त्यात मोटर आणि पपईच्या आधी स्वतःची खुशाली सांगायची. तारेच्या वाटेला ती बरोबर असेल तरच जायचं. पोस्टमन प्रत्येक अटीला गंभीरपणे मान डोलवत होते. अंकलनी शेवटच्या अटीवर तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तू येणार?"

"मला बूट घ्यावे लागतील," ताई म्हणाली.

अंकलच्या हातात घास होता. तो तसाच ठेवून ते उठले आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

ते त्या वर्षी सांडोरला परतले तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज मला कोपऱ्यावरूनच ओळखू आला. रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. तुंगारेश्वरला चढताना त्यांची एकच तक्रार चालली होती. "तिला सांगत होतो, उतारावर गुडघा वाकवून चाल. ऐकत नाही. नवे बूट घेतले ते माझ्यापेक्षा महाग. आणि पोस्टमन तिचीच बाजू घेतो."

यंदा मी वरच्याच खोल्यांत आहे, अंकल मे महिन्यातच तिकडे गेले आहेत. परवा संध्याकाळी मी केळींच्या आळ्यांत उभी असताना त्यांचा फोन आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे आधी आकाश आलं, मग दगड, मग त्यांचा कान.

"मी बरा आहे," त्यांनी अटीप्रमाणे आधी सांगून टाकलं.

"ताई कुठेय?"

त्यांनी फोन वळवला. समोर करडा, उंच उतार होता आणि त्यावर फार वर एक लाल ठिपका भराभर सरकत होता.

"ती बघ. थांबतच नाही. मघापासून मी इथे दगडावर बसलोय."

"दमलात?"

"दमलो ना. दमणार नाही तर काय." त्यांचा आवाज मात्र दमल्यासारखा नव्हता. "किती सरळ चढतेय बघ. खाली बघतसुद्धा नाही."

आम्ही दोघंही त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. ते डोंगरात, मी चिखलात. मग वरून वाऱ्याबरोबर एक लांबलचक हाक आली, "बाबाऽऽ!" आणि अंकल गडबडीने उठले. घाईत फोन बंद न करताच त्यांनी तो खिशात टाकला. पडदा काळा झाला. मला खूप वेळ दगडांचा करकर आवाज आणि त्यांचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता आणि त्या श्वासातूनच त्यांची हाक वर जात होती, "आलो! आलो गं!"